डब्यावरचं नाव

आबा, तुम्ही दिलेला डबा आज घासून उन्हात पालथा घातलाय. रविवार आहे. शिक्रापूरच्या या खोलीत दुपारी असं पिवळं ऊन येतं की बसल्या जागी डोळे मिटायला लागतात. खाली हायवेवर कंटेनर धावत असतात. त्यांची घरघर तिसऱ्या मजल्यावर येईपर्यंत मऊ होते आणि अर्धवट झोपेत मला ती न्हावऱ्याच्या शाळेमागच्या उसातल्या वाऱ्यासारखी वाटते. मग तुम्ही येता. अंगात खाकी शर्ट, डोक्याला टोपी, कमरेला शाळेच्या चाव्यांचा जुडगा. नुसते व्हरांड्यातून चालत जाता आणि चाव्या वाजत राहतात. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली. राहिली कसली, मीच राहू दिली.

आठवीत इंग्रजीच्या सरांनी आम्हाला एक वाक्य शिकवलं होतं. आधी सगळ्यांना पोटात घेणारा एक मोठा शब्द घ्यायचा, फळं म्हणा, गावं म्हणा, माणसं म्हणा. मग ‘सच अ‍ॅज’ म्हणायचं, म्हणजे आपलं ‘जसे की’, आणि मग एकेकाची नावं घ्यायची. ‘दोन-तीनच घ्या, सगळी जत्रा वाक्यात कोंबू नका,’ सर म्हणायचे, ‘पण घ्याल ती डोळ्यांसमोरची घ्या.’ सगळा वर्ग उदाहरणं देत सुटला होता. गावं, सच अ‍ॅज न्हावरे, भांडगाव, शिक्रापूर. पिकं, सच अ‍ॅज ऊस, कांदा. एकानं ‘जनावरं, सच अ‍ॅज’ म्हणून शेजारच्याचंच नाव घेतलं आणि दोन छड्या खाल्ल्या. मला ते वाक्य इतकं आवडलं की शाळेतून घरी येताना रस्ताभर मी तेच करायचे. मोठ्या शब्दाचं झाकण काढायचं आणि आत काय काय निघतं ते बघायचं. बांधावरनं चालत, एकटीच, पुटपुटत. आई म्हणायची, ‘पोरगी यडी झाली का काय!’

मग सरांनी ‘आमची शाळा’ असा इंग्रजी निबंध दिला. मी खिडकीजवळ बसले होते. ‘आमच्या शाळेत पुष्कळ कष्टाळू माणसं आहेत, सच अ‍ॅज’ इथपर्यंत झरझर लिहिलं आणि पेन थांबलं. खिडकीबाहेर तुम्ही हापशावरनं पाणी आणून रांजण भरत होता. एक कळशी ओतायची, टोपीनं कपाळ पुसायचं, परत हापशाकडे. डोळ्यांसमोरची माणसं घ्या म्हणाले होते सर; अन् तुम्ही तर शब्दशः डोळ्यांसमोर होता. मी लिहिलं: हेडमास्तर, शिक्षक आणि क्लार्क. पूर्णविराम. का, तर आदल्या दिवशी सूचनेची वही घेऊन तुम्ही वर्गात आला होता आणि बाईंच्या देखत म्हणाला होता, ‘पोरी, डबा इसरलीस बघ घरी,’ अन् फडक्यात बांधलेली भाकरी माझ्या बाकावर ठेवली होती. मागच्या बाकावर पोरी फिदीफिदी हसल्या. ‘शिपायाची, शिपायाची’ असं दिवसभर चाललं होतं. एवढंच कारण. याहून मोठं काही असतं तर निदान मला स्वतःला सांगायला तरी बरं झालं असतं.

आणि नेमका माझाच निबंध पहिला आला. पहिला आलेला निबंध व्हरांड्यातल्या काचेच्या फलकात लागायचा, आणि त्या फलकाची किल्ली तुमच्या जुडग्यात. तुम्हीच तो टाचण्या मारून लावलात. तुम्हाला सहीपुरती अक्षरं यायची आणि इंग्रजी म्हणजे मुंग्यांची रांग. मधल्या सुट्टीत तुम्ही मला हाक मारलीत. आताही ते दिसतं मला, तुम्ही उन्हात उभे आहात आणि काचेत तुमचं नि माझं तोंड शेजारी शेजारी दिसतंय.

‘काय लिवलंय, पोरी?’

‘शाळेचं लिवलंय.’

‘आन् शाळंतलं कोन कोन घेतलंस?’

‘समदी.’

‘मी हाय का?’

‘हाय की!’

‘कुठं? दाव बरं.’

माझं बोट काचेवर गेलं आणि जिथं पेन थांबलं होतं तिथंच थांबलं. ‘सच अ‍ॅज’वर. तुम्ही बाहीनं काच पुसलीत आणि वाकून बघितलंत.

‘ह्यो मी व्हय?’

‘व्हय,’ मी म्हणाले.

मग काय विचारता! दूध घालायला आलेला गवळी, एसटीतनं उतरलेला पाव्हणा, पोराला सोडायला आलेली बाई, जो दिसेल त्याला तुम्ही फलकापुढं उभं करायचात. ‘माझ्या लेकीनं मला इंग्रजीत लिवलंय. ह्ये बघा.’ शिकलेल्या माणसांपुढं स्वतःचं काही सांगायची तुमची रीत नव्हती, म्हणून मी वाचले. नाहीतर पहिल्याच दिवशी माझं बिंग फुटलं असतं.

बारावीनंतर मी दौंडला आत्याकडं राहून कॉलेज करायचं ठरलं. जायच्या आदल्या दिवशी तुम्ही शिरूरहून हा डबा घेऊन आलात. भांड्यावर नाव घालून आणायची आपली रीत. आईच्या हंड्या-परातींवर तिच्या बापाचं नाव आहे, तसं माझ्या डब्यावर माझ्या बापाचं पाहिजे, असं तुम्ही आईला ऐटीत सांगितलंत. मी झाकण हातात घेतलं. त्यावर बारीक ठिपक्याठिपक्यांनी, इंग्रजीत, सुबक कोरलं होतं: सच अ‍ॅज. फलकातनं काढलेला निबंध तुम्ही चार वर्षं पेटीत जपला होता, तो नेऊन दुकानदारापुढं ठेवला होता. ‘त्यो येडा इच्यारतोय, आबा, ह्ये नाव हाय का? म्हणलं, माझ्या लेकीनं लिवलंय, तुला काय कळतंय? घाल गुमान!’ सांगताना तुमची छाती अशी फुगली होती! तेव्हा बोलायला हवं होतं. पण तुम्ही अंगठ्यानं ती अक्षरं चाचपत होता, आणि मी म्हणाले, ‘झ्याक आलंय.’

कधी कधी मी स्वतःची समजूत घालते की तुम्हाला ठाऊक होतं. कसलं ठाऊक? ठाऊक असतं तर दुकानदाराशी भांडला असता होय? तुम्ही तेच नाव घेऊन गेलात.

आता मी कंपनीच्या ऑफिसात बसते. दिवसभर इंग्रजीत नोटिसा लिहिते. त्या वाक्याशी रोज गाठ पडते आणि रोज पेन, म्हणजे आता बोटं, तिथं थांबतात. परवा आमच्या पँट्रीतले मामा डबा विसळत होते. तेही कधी शाळेत गेले नाहीत. झाकण उजेडात धरून म्हणाले, ‘मॅडम, ह्ये कुनाचं नाव वो?’ मी म्हणाले, ‘वडिलांचं.’ ते म्हणाले, ‘बराय की, लेकीच्या डब्यावर बापाचं नाव,’ आणि झाकण दुसऱ्यांदा, जरा हळू पुसून माझ्या हातात दिलं. मी जागेवर येऊन बसले, पण झाकण काही हातातनं सुटेना. म्हणून आज हे लिहायला घेतलं. आठवीतलं ते वाक्य मी इथं वर नीट लिहिलंय, कोण कोण घेतलं आणि कुणाला सोडलं ते सगळं.

डबा वाळलाय. ऊन भिंतीवर सरकलंय आणि तुमच्या चाव्या आता ऐकू येत नाहीत. हे पत्र मी कुठं पाठवणार? आणि समजा तुम्ही असता, अंगणात बाजेवर बसून म्हणाला असता, ‘काय लिवलंय, पोरी, वाच बरं,’ तर मलाच वाचून दाखवावं लागलं असतं. मी स्वतःला ओळखते, आबा. त्या ओळीपाशी आले असते, तुमच्या तोंडाकडं बघितलं असतं, आणि पुन्हा दुसरंच वाचलं असतं.