निळ्या काठाच्या प्लेटा

माय,

तुझ्या निळ्या काठाच्या चिनी मातीच्या प्लेटा आता रोज वापरात आहेत. बेल्लमपल्लीला खाणीच्या क्वार्टरमध्ये तू त्या फळीवर उभ्या लावून ठेवायचीस. बदली झालेले एक अधिकारी सामान विकत होते, त्यांच्याकडून तू त्या आणल्या होत्यास. आम्ही जर्मनच्या, ॲल्युमिनियमच्या ताटल्यांत जेवायचो; प्लेटा पाहुण्यांसाठी. अंबाडीची भाजी मधोमध, वरून लसणाची फोडणी, कडेला भाकरीचे तुकडे. काठावर शिंतोडा पडलाच तर पदराने नाही, वेगळ्या फडक्याने पुसायचीस.

एकदा बाबांच्या ओळखीचे एक बाबू येतात. जातीमुळं ते आपल्या घरचं शिजलेलं खात नाहीत, हे तुला ठाऊक असतं. "आज उपास हाय, बाई," ते म्हणतात. तू म्हणतेस, "मंग पपई त चालते ना, साहेब?" आणि अंगणातली पपई कापून, फोडी गोल मांडून प्लेट पुढं करतेस. ते एक फोड उचलतात आणि हातात धरूनच बोलत राहतात. ते गेल्यावर ती फोड मला फाटकाजवळ मातीत दिसली. तुला सांगितलं, तर तू प्लेट धुता धुता म्हणालीस, "गोड होती रे. बुडाला बिचारा." बाबा हसले, तूही हसलीस. मी मात्र तेव्हापासून पाहुण्यांचे हात पाहत आलो आहे.

आता आम्ही मावला या गावी राहतो. तुझी नातसून खिडकीच्या उजेडात प्लेट ठेवून मोबाइलवर फोटो टाकते. "मामाजी, सरका, सावली पडून राह्यली!" भाजी निवते, पण फोटो छान येतो. परवा अंबाडीचा फोटो पाहून माझ्या ऑफिसातले जुने सोबती बायकोला घेऊन आले. इतकी वर्षं शेजारी बसलो, पण माझ्या डब्याला त्यांनी कधी हात लावला नव्हता. "काऊन जी, कदी बोलावलं नाई आमाले?" उलट मलाच विचारलं. सुनेनं प्लेटा मांडल्या. ते जेवले. "वाढ पोरी, लाजू नको," म्हणत दुसऱ्यांदा घेतलं.

ते गेल्यावर सून म्हणाली, "मामाजी, तुमी जेवलेच नाई. काऊन?" भूक नव्हती, म्हणालो.

हे पत्र कुठं टाकणार? पण तुला सांगतो, भूक होती, माय. त्यांचा पहिला घास तोंडात जाईपर्यंत माझा हात उचलला गेला नाही, आणि मग इतकं बरं वाटलं की जेवायचं राहूनच गेलं.