राहणारा पक्ष

२ मार्च, सोमवार

आजपासून रोजनिशी. रोज लिहायचं, थोडं लिहायचं, खरं लिहायचं.

या महिन्याचं काम एकच: आमच्या दोघांचा करार. लग्न न करता एकत्र राहणाऱ्या सुशिक्षित माणसांनी असा करार करावा, असं मी ऑफिसात दोघातिघांना ठासून सांगून बसलोय, त्यामुळे आता करणं भाग आहे. आम्ही चार वर्षं एकत्र राहतो. लग्न न करण्याचा निर्णय दोघांनी मिळून घेतला. तिने विचारलं होतं, करायचं का. मी म्हटलं होतं, बघू. त्यानंतर दोघांपैकी कुणीही विषय काढलेला नाही.

मी विमा कंपनीत पॉलिसीच्या अटी लिहितो. म्हणजे वकिलाकडे जायचं ते फक्त शिक्क्यापुरतं, मजकूर घरचाच. महिनाअखेर तयार.

जाता जाता: तिला दुसऱ्या शहरात एका नव्या स्विमिंग पूलवर मुख्य प्रशिक्षक म्हणून बोलावणं आलंय. ती पोहायला शिकवते, मुख्यतः पाण्याला घाबरणाऱ्या मोठ्या माणसांना. शुक्रवारी, २७ तारखेला, हो की नाही ते कळवायचं आहे. याचा आणि कराराचा काडीचाही संबंध नाही.

४ मार्च

तिला सांगितलं. केस पुसत होती. टॉवेलातूनच विचारलं, काय असणार त्यात. म्हटलं, सगळं. टॉवेल बाजूला करून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, घाबरलास का रे? मी तिला भीती आणि जोखीम यांतला फरक समजावून सांगितला. बराच वेळ लागला. शेवटी म्हणाली, बरं, लिही. मनापासून संमती.

मग म्हणाली, त्या नोकरीचं तिचं काही ठरत नाहीये, मला काय वाटतं? मी म्हटलं, निर्णय सर्वस्वी तुझा, मी मध्ये पडणार नाही. एवढी मोकळीक देणारा माणूस किती जणींना मिळतो! ती परत टॉवेलात गेली.

७ मार्च, शनिवार

मजकुराला सुरुवात केली. शेवटापासून.

आमच्या खात्याची ही पद्धतच आहे. पॉलिसी पहिल्या पानापासून कुणी लिहीत नाही. आधी घर जळतं, मग चोरी होते, मग पाणी शिरतं. शेवटी सवड मिळाली तर घर कुठे आहे ते लिहितात. एकोणीस वर्षं असंच लिहितोय, एकही तक्रार नाही. त्यामुळे आधी कलम १४, विभक्त होणे. तीन पानं झाली. हात नुसता धावत होता.

निःपक्षपातीपणासाठी कुणाचंही नाव घातलेलं नाही. ‘जाणारा पक्ष’ आणि ‘राहणारा पक्ष’. कोण कोणता ते ज्याचं त्याने ठरवावं. फक्त उदाहरणांमधला जाणारा पक्ष पहाटे उठतो आणि त्याच्या अंगाला क्लोरीनचा वास येतो. ते सुधारायला हवं.

८ मार्च

वस्तूंची विभागणी. सकाळपासून घरभर हिंडून प्रत्येक वस्तूवर स्टिकर लावले. निळा माझा, पिवळा तिचा. सोफा अवघड निघाला. आणला तिने, पण बसून बसून त्याला आकार दिला मी. दोन्ही स्टिकर लावले. खिडकीतलं झाड मी आणलं, पाणी ती घालते. तिला विचारलं तर म्हणाली, ते मरायला टेकलंय, ज्याला हवं त्याने घ्या. ‘नैसर्गिक ऱ्हास’ असं पोटकलम वाढवलं.

संध्याकाळी पाहतो तर माझ्या पाठीवर पिवळा स्टिकर. तिने चिकटवला होता. हसत होती. मी तिला दाखवून दिलं की कलम ११ फक्त निर्जीव वस्तूंना लागू आहे. मग हसली नाही. स्टिकर काढून रोलला परत लावून ठेवला, अजून चिकटतो.

१२ मार्च

ऑफिसातून लवकर सुटून वकीलबाईंकडे. चपलांच्या दुकानावरची खोली, खुर्च्या दोन, फायली खुर्च्यांवरच. बाईंनी मसुदा वाचला आणि विचारलं, वेगळं होऊन किती दिवस झाले तुम्हाला? म्हटलं, अहो, आम्ही एकत्र राहतो, सुखात आहोत. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा वाचला.

मग म्हणाल्या, पहिलं पान कोरं आहे. मी त्यांना आमच्या खात्याची पद्धत सांगितली. त्या म्हणाल्या, लोक साधारण घर चालवण्यापासून सुरुवात करतात. कोण काय करणार, आजारपणात कुणी कुणाला बघायचं, वगैरे. आणि विचारलं, बाईसाहेबांनी वाचलंय का हे? म्हटलं, पूर्ण झाल्यावर वाचतील. त्या म्हणाल्या, आधी वाचू द्या. वकिली पेशात कल्पकतेचं वावडं असावं.

१४ मार्च

आईचा फोन. चार वर्षं ती नातेवाइकांना सांगत आलीय की माझ्याकडे एक भाडेकरू आहे. करार म्हटल्यावर एकदम खूश. म्हणाली, म्हणजे लेखी होतंय ना एकदाचं? आनंदाच्या भरात मामालाही कळवायला निघाली होती. मी म्हटलं, थांब, वाचून दाखवतो. कलम ९ वाचलं, राहणाऱ्या पक्षाच्या आईशी जाणाऱ्या पक्षाने ठेवायचे संबंध. आईने शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, मेल्या, तुला लहानपणी मी पाडलं होतं का रे कुठे?

नंतर तिने परस्पर भाडेकरूला फोन लावला. दार लावून तासभर बोलल्या. आधी हसण्याचे आवाज येत होते, मग येईनासे झाले. भाडेकरू बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. पूलच्या पाण्याने होतात.

१७ मार्च

ताप. अंग ठणकतंय. तिने दोन दिवस रजा टाकली. सूप करते, कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवते, उशी उलटी करून थंड बाजू वर आणते. आजारपणात सेवा कशी मिळते याची नोंद करण्याची ही उत्तम संधी, म्हणून पडल्या पडल्या टिपणं काढली. तिने विचारलं, हे पण येणार का त्यात? म्हटलं, येणार, कलम ६, परतफेडीसकट. ती पट्टी बदलायची थांबली. म्हणाली, परत कशाला फेडतोस? ताप असल्यामुळे नीट उत्तर देता आलं नाही.

निश्चय: बरं वाटलं की पहिलं पान.

२१ मार्च, शनिवार

बरं वाटतंय. सकाळपासून पहिल्या पानावर बसलोय. झालेलं काम: ‘दोन्ही पक्ष एकत्र राहतात.’

वाक्य निर्दोष आहे. पुढे ‘कारण’ असं लिहिलं आणि अडलो. आमच्याकडे कारण फक्त नुकसानीचं लिहायचं असतं. शॉर्ट सर्किट, तुंबलेली मोरी, इत्यादी. एकत्र राहण्याचं कारण कोणत्या रकान्यात टाकतात, कुणास ठाऊक. जेवायची वेळ झाली. उद्या ताज्या डोक्याने.

२२ मार्च

डोकं ताजं नव्हतं.

२३ मार्च

वकीलबाईंच्या आग्रहाखातर मसुदा तिला दिला. अकरा पानं भरलेली, एक कोरं. ओट्यावर बसून, पाय हलवत वाचायला लागली. तिसऱ्या पानानंतर पाय हलेनासे झाले. शेवटपर्यंत वाचलं. मला वाटलं, भाषेचं कौतुक करेल.

तिने विचारलं, यात मी जाते कशी, ते सगळं आहे. मी राहते कुठे? मी तिला पान सहा काढून दिलं. तिथे राहणाऱ्या पक्षाची व्याख्या आहे आणि तो कुणीही असू शकतो. मग ती म्हणाली, पूलवाल्यांना काय सांगू? मी म्हटलं, काहीही सांग, करारात दोन्ही शक्यतांची सोय केलीय. ती म्हणाली, मी कराराला विचारत नाहीये.

तोंडात मारल्यासारखं झालं. म्हटलं, लेखी उत्तर देतो, पहिलं पान झालं की. ती ओट्यावरून उतरली. म्हणाली, शुक्रवार, आणि भांडी घासायला लागली. आज माझी पाळी होती.

२५ मार्च

ऑफिसात साहेबांच्या नजरेआड पहिलं पान. एक शब्द लिहिला: ‘राहा.’ खोडला. करारात विनंती नसते, तरतूद असते.

दुसरा प्रयत्न: ‘मी तुझ्यासोबत तिकडे येतो.’ हेही खोडलं. तशी बदली मागता येते. तिथे आमची शाखा आहे, जागाही रिकामी आहे, अर्ज केला तर आठवड्यात होईल. पण मग जाणारे पक्ष दोन होतात, राहणारा एकही नाही, आणि अख्खं कलम १४ पुन्हा लिहावं लागेल. इतक्या मेहनतीवर पाणी सोडायचं म्हणजे काय.

२७ मार्च, शुक्रवार

तोडगा सापडला. मुदतवाढ. दोन्ही पक्षांच्या संमतीने एक महिना. दुपारी वकीलबाईंकडून तसा कागदही करून घेतला, सुबक झालाय. घरी आलो तर ती टेबलाशी बसली होती. तिने तिकडे सकाळीच हो म्हणून कळवून टाकलं होतं. म्हणाली, काल झोपेपर्यंत वाट पाहिली. आवाज चढवला नाही, रडली नाही. पाण्यात शिरायला कचरणाऱ्यांशी ती असंच सावकाश बोलते, मी ऐकलंय.

मी अभिनंदन केलं. हस्तांदोलनही केलं. का केलं, माहीत नाही. तिनेही हात पुढे केला. मुदतवाढ खिशातच राहिली.

४ एप्रिल, शनिवार

आज सामान गेलं. नमूद करायला हवं की करार कमालीचा यशस्वी ठरला. कुठेही वाद नाही. स्टिकरमुळे टेम्पोवाल्याचं काम अर्ध्या वेळात झालं, तो म्हणाला, असं सगळीकडे असतं तर काय पाहिजे होतं. सोफ्यावर तिचा हक्क आहे हे मी स्वतःहून दाखवून दिलं. म्हणाली, राहू दे, तूच बस.

अकराही पानांवर तिने सही केली, मागून पुढे. कोऱ्या पानाशी आली तेव्हा पेन हातात धरून थोडी थांबली. मग टोपण लावलं. खाली टेम्पोवाल्याने मला विचारलं, तुम्ही येताय का पुढे बसायला, जागा आहे. तिनेही माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, नाही, मी राहणारा. ती पुढे बसली. टेम्पो वळेपर्यंत हात हलवत होती. मीही हलवत होतो, वळल्यावरही.

७ एप्रिल

सगळं ठीक. घरात शांतता. कामाला उत्तम वातावरण. सोफ्यावर झोपतो, पलंग फार रुंद आहे. आईने फोन उचलला नाही.

९ एप्रिल

पहाटे आपोआप जाग येते. कपाट उघडल्याचा आवाज होईल म्हणून ऐकत पडतो.

१० एप्रिल

पहिलं पान झालं. एका बैठकीत, ऑफिसला निघण्याआधी. खोडाखोड नाही. यात तरतूद अशी नाही, नुसतं असं लिहिलंय: ती पहाटे दिवा न लावता कपडे शोधते, कपाटाला पाय आपटतो, दबक्या आवाजात शिव्या घालते. मी जागा असतो, रोज, आणि झोपल्याचं सोंग घेतो, कारण दिवसाची ती सुरुवात मला चुकवायची नसते. तापात तिने उशी उलटी केली तेव्हा मला रडू आलं होतं. ती जाईल या भीतीने मी जाण्याचंच लिहीत बसलो. ती नसली की मला घरी यावंसं वाटत नाही. मला तिच्याबरोबर राहायचं आहे, इथे, तिथे, कुठेही. बदलीचा अर्ज मी आज देतो आहे.

अर्ज खरोखरच दिला. साहेब म्हणाले, ती जागा सोमवारीच भरली. काही हरकत नाही. दुसरी निघेल.

१२ एप्रिल, रविवार

सकाळी तिला फोन केला. मागे पाण्याचा आवाज, शिट्टीचा आवाज. म्हणाली, मंडळी काठावर उभी आहेत, पटकन बोल. मी म्हटलं, पहिलं पान झालंय, वाचतो. वाचलं. सगळं. आवाज एकदोनदा फाटला, पण थांबलो नाही. मध्ये कुणीतरी तिला हाक मारली, तिने त्याला थांबायला सांगितलं. म्हणजे ऐकत होती.

वाचून संपलं. नाक ओढल्यासारखं वाटलं. मग अगदी हळू विचारलं, कधी लिहिलंस रे हे? म्हटलं, परवा.

म्हणाली, परवा लिहिलंस, मग काल का नाही केलास फोन?

मी म्हटलं, काल वकीलबाईंना दाखवायला नेलं होतं.

तिने फोन ठेवला. वकीलबाईंनी एकही दुरुस्ती सुचवली नव्हती.