दुसऱ्या अल्बममधला माझा एक ठोका

ती. मामांना, हातातल्या काठ्या खाली ठेवून वाकून नमस्कार.

तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? मामीचा खोकला गेला असेलच. गेला नसेल तर तिच्या धाकानं आत लपून बसला असेल. मी बरी आहे. म्हणजे ताप नाही, भूक लागते, फक्त उजवा पाय एका जागी राहत नाही. (डॉक्टरांनी तपासायला गुडघ्यावर छोटी हातोडी मारली, तर मी त्यांच्या टेबलावर पुढचे तीन ठोके वाजवून मोकळी झाले. त्यांनी औषध दिलं नाही, दुसरा डॉक्टर सुचवला.) कारण एकच, आमच्या बँडचा दुसरा अल्बम.

पहिला तुम्ही ऐकला आहे. निदान तो लागला तेव्हा तुम्ही घरात होतात असं मामी म्हणाली. अकरा गाणी, एकोणतीस मिनिटं, आणि सगळ्यात आम्ही कुणावर तरी चिडलेलो. त्यावर एका मासिकात छापून आलं की या चौघांना फार घाई आहे, कुठे जायचंय ते मात्र ठरलेलं नाही. आम्ही तिघं पोट धरून हसलो. गाणारा हसला नाही. त्यानं ते कात्रण पाकिटात ठेवलं, आमच्या सरावाच्या खोलीखालच्या चष्म्याच्या दुकानातून बिननंबरचा चष्मा घेतला (तेव्हापासून आम्ही त्याला प्राध्यापक म्हणतो) आणि जाहीर केलं की आता आपली कलात्मक वाढ होणार.

वाढ म्हणजे काढून टाकणं, हे मला हळूहळू कळलं. आधी माझ्या झांजा गेल्या. मग छोटे ड्रम गेले. त्याच्या गिटारला त्यानं स्वतःच कुलूप लावलं, तेव्हा तक्रारीलाही जागा उरली नाही. बेसवाला मौनी आठवड्यातून दोन स्वर वाजवायचा आणि खूश असायचा. आमचा वायरमन (हा दिवसा लिफ्ट दुरुस्त करतो आणि उरलेल्या वेळात सिंथेसायझर) एकच सूर दाबून धरून खिडकीबाहेर बघत बसायचा. आणि मला सात मिनिटांच्या गाण्यात एक ठोका. एकच, मामा. त्याआधी दोनशे बारा मात्रा मोजायच्या. एकदा दोनशे नवव्या मात्रेला मला शिंक आली, तर प्राध्यापकानं डोळे मिटून सांगितलं की शिंक जास्त प्रामाणिक होती.

न वाजवलेले ठोके कुठे जातात, याचा कुणी अभ्यास करत नाही. माझे लायब्ररीतल्या नोकरीत जायला लागले. पुस्तकांवर तारखेचे शिक्के मारताना माझा हात असा काही चालायचा की वाचनकक्षातली माणसं माना हलवायला लागली. मुख्य ग्रंथपालबाईंनी मला नकाशांच्या विभागात बसवलं. तिथे शिक्का नाही, माणूसही नाही. पाय मात्र होताच.

चष्मेवाले काका एरवी रोज तक्रार घेऊन वर यायचे, की तुमच्या दणदणाटात गिऱ्हाइकाला अक्षरं हलताना दिसतात आणि मी चुकीचे नंबर काढतो. मागे एकदा ते तसेच आले, पण दारात चप्पल काढून, हळू आवाजात विचारू लागले, "तीन आठवडे काही ऐकू आलं नाही. कुणी गेलं का?"

प्राध्यापक म्हणाला, "काका, हा आमचा नवा अल्बम आहे."

"असं होय," काका म्हणाले, आणि माझ्याकडे फार दयेनं बघितलं.

त्या बघण्यानं माझा बांध फुटला. मी उठले, म्हटलं, तुमची वाढ तुम्हाला लखलाभ, मी निघाले. मोठा ड्रम उचलला, दारात अडकले, आणि तो हातातून निसटून जिन्यावरून सुटला. चौदा पायऱ्या, मामा. प्रत्येक पायरीवर वेगळा आवाज, मधे कमी-जास्त थांबा, शेवटी तळाच्या भिंतीवर असा घुमला की माझ्याच अंगावर काटा आला. मौनी वर्षभरात पहिल्यांदा आपणहून बोलला. तो म्हणाला, "टेप चालू होती."

मग सगळं सामान आम्ही जिन्यात मांडलं. मी खालच्या पायरीवर, प्राध्यापक वर, कुलूप काढलेली गिटार घेऊन. गाणं संथच राहिलं, पण आता ते चुळबुळत होतं. आणि एक कबूल करते (त्याला सांगू नका): प्राध्यापकाचं पुरतं चुकलं नव्हतं. दोनशे मात्रा गप्प बसल्यावर मारलेला ठोका खरंच वेगळा लागतो. पहिल्या अल्बममध्ये मी एवढं वाजवलं, पण कशाची वाट बघत कधीच वाजवलं नव्हतं. मधल्या रिकाम्या जागेसाठी त्यानं चाळीस पानं शब्द लिहिले होते, एकही बसेना. शेवटी वायरमननं माझ्या पिशवीतली एक कॅसेट लावून पाहिली. त्यावर एक माणूस बोलत होता. बसलं. काका तळाशी दोन गिऱ्हाइकांसह अडकले होते, गाणं संपल्यावर म्हणाले, "बसवतही नाही आणि उठवतही नाही." अल्बमवर आम्ही तेच वाक्य टाकलंय.

मामीला नमस्कार. गुडघ्याला जपा.

तुमची,
भाची

ता. क. सोबत एक संमतीपत्र आहे. कॅसेटवरचा माणूस तुम्ही आहात. माझ्या फोनच्या यंत्रावर तुम्ही ठेवलेला निरोप: "अगं, मी बोलतोय. उचल फोन. नाही उचलत. जेवतेस ना वेळेवर? लायब्ररी सोडू नकोस हं. बरं, ठेवतो." आणि मग तुम्ही ठेवतच नाही. (ती कॅसेट माझ्या पिशवीत का होती, ते विचारू नका.) अल्बम काढणाऱ्या कंपनीला तुमची सही हवी आहे; जिथे फुली आहे तिथे करा.

ता. क. २ मागून मामी विचारते, "कुणाशी बोलताय?" आणि तुम्ही म्हणता, "कुणाशी नाही." तेही घेतलंय. म्हणजे तिचीही सही लागेल. तिला कसं सांगायचं ते तुम्ही बघा. अल्बम छापून झाला आहे.

ता. क. ३ लायब्ररी मी सोमवारी सोडली. दौऱ्यावर निघतोय. गाण्यात तुमचा निरोप तीनदा लागतो, तीनदा तुम्ही सोडू नकोस म्हणता, तर मी ऐकत नाही असं मात्र समजू नका. रोज ऐकते. "ठेवतो" म्हटल्यावर अकरा सेकंद तुमचा नुसता श्वास येतो, तो पूर्ण ऐकल्याशिवाय मी ठोक्यासाठी हात उचलत नाही.