पोटावरचा तागा

बाई, ‘तुझा दम एवढाच गं. तू आपली भावगीतंच म्हण,’ असं तुम्ही म्हणालात तेव्हा मी चौदा वर्षांची होते आणि तुमच्या स्वयंपाकघराच्या दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होते. मी ते खरं मानलं. इतकी वर्षं मानत राहिले. त्याचा राग आता येतोय आणि काही केल्या जात नाही, म्हणून लिहायला बसले.

निजामपुऱ्यातल्या तुमच्या खोलीखाली कापड विणायचे लूम चालायचे, त्यामुळे गाण्याचा क्लास शुक्रवारी, लूम बंद असताना. गल्ली इतकी शांत व्हायची की आपलाच आवाज परका वाटायचा. अजून दिसतं. तुम्ही मुलांना सतरंजीवर उताणं झोपवता आहात, खालून आणलेला कापडाचा एकेक तागा त्यांच्या पोटावर ठेवता आहात. ‘तागा वर गेला पायजे, खांदा न्हाय. आता सोड, हळू. सा धर.’ एकजण विचारतो, ‘बाई, तागा पडून मळला तर?’ ‘मळला तर तुझ्या बापाला त्याचाच लेंगा शिवीन!’ मुलं हसतात, सगळे तागे हलतात. आम्ही दोघी मुली भिंतीला टेकून. ‘आम्ही पण झोपू?’ मी विचारते. तुम्ही मान वर करत नाही. ‘पोरींनी असं चारचौघांत आडवं पडायचं न्हाय. जा, चहा टाक.’

मुलं श्वास शिकायची तेव्हा आम्ही आलं किसायचो. बाकीचे दिवस मी घरी, शेजारच्या लूमच्या खडखडाटावर आवाज चढवून रियाज करायचे. सगळा गळ्यानेच, कारण पोटातून दम कसा घ्यायचा हे मला कुणी शिकवलंच नव्हतं. स्पर्धेच्या तोंडावर माझी तान अर्ध्यात तुटली आणि मग मी चहा घेऊन आले तेव्हा तुम्ही ते दमाचं वाक्य बोललात. स्पर्धेला मुलगे गेले.

आता मी शाळेत शिकवते, गॅदरिंगची गाणी बसवते. यंदा आवाज बसला तो उठेचना. ठाण्याच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, स्वरयंत्रावर गाठी आल्यात, वर्षानुवर्षं गळ्यावर जोर दिलाय तुम्ही. मग त्यांनी मला टेबलावर झोपवलं, पोटावर उशी ठेवली. ‘उशी वर येऊ द्या.’ पहिल्याच श्वासाला उशी वर आली. मी हमसून रडायला लागले. ‘दुखतंय का?’ ‘नाही.’ ‘मग?’ त्यांना काय सांगणार होते, बाई? गाठी कमी होतील म्हणतात. वरचा सा परत येईल का, ते मात्र सांगता येत नाही.

आणि एक तुम्हाला माहीत नाही. एकदा मी विसरलेली छत्री घ्यायला परत आले होते. दार लोटलेलं होतं. फटीतून पाहिलं तर सतरंजीवर तुम्ही, पदर घट्ट खोचलेला, पोटावर तागा. सा लांबतच गेला. माझे दोन श्वास संपले तरी तुमचा एकच चालू होता. छत्री न घेताच मी जिना उतरले. तुम्हालाही कधीतरी कुणी असंच चहाला पाठवलं असणार, हे आज कळतं. कळून राग उतरत नाही, उलट चढतो. कसं वाटतं ते तुम्हाला ठाऊक होतं ना? मग मुलं गेल्यावर दार लावून आम्हा दोघींना शिकवायला काय हरकत होती?

शुक्रवारी संध्याकाळी शाळेतल्या काही मुली माझ्याकडे येतात. पोटावर दप्तरं ठेवून झोपतात, मीही त्यांच्या शेजारी झोपते. दाराला मात्र मी अजून आतून कडी घालते.

हे कुठे पाठवायचं नाही. तरी एक मागणं मागून बघते. एका शुक्रवारी मला सतरंजीवर झोपवा, तागा ठेवा आणि त्यावर तुमचा हात ठेवून बघा, माझा दम केवढा आहे ते. तुम्ही काय म्हणणार तेही माहीत आहे.

‘आधी चहा टाक.’