निळ्या पिंपातली मेथी

आबा, तुमची नात पाच वर्षांची आहे. तिने मेथीची पानं खाल्ली की नाही एवढंच मला कळायला हवं आहे, आणि ती नाही म्हणते. सकाळपासून मी इतक्या वेळा तिची जीभ बघितली की आता मी जवळ गेले तरी ती आपणहून तोंड उघडते. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, म्हणाले आत्ता तरी काही नाही, उलटी झाली किंवा मलूल वाटली तर लगेच घेऊन या. ते 'आत्ता तरी' माझ्याबरोबर घरी आलं. ती समोर बसून चित्र रंगवते आहे, मी डोळ्यांत तेल घालून तिच्याकडे बघते आहे आणि मधूनमधून तुम्हाला लिहिते आहे. दुसऱ्या कुणाला सांगायचं तर फार मागून सुरुवात करावी लागेल.

झालं ते शाळेच्या एका निरोपामुळे. मोबाईलवर बाईंनी कळवलं की सुट्टीत मुलांबरोबर घरी काहीतरी पेरा, रोज फोटो पाठवा, मजा येईल. मी कशी आहे तुम्हाला ठाऊक आहे, मजा करायची म्हटलं तरी मला आधी घाम फुटतो. पण खरंच मजा आली हो. भंगारवाल्याकडून अर्धं कापलेलं निळं पिंप आणून गच्चीवर ठेवलं. 'धोयेलुं छे बेन, कंई नथी अंदर,' धुतलेलं आहे, आत काही नाही, असं तो म्हणाला आणि मी, तुमची मुलगी असून, मान डोलावून घेऊन आले. खाली भोकं पाडली. माती आणि शेणखत लेकीने हातांनी कालवलं, ढेकळं फोडता फोडता नाकालाही लावून घेतलं. बाटलीच्या बुचाला भोकं पाडून तिची झारी केली. आईस्क्रीमच्या काड्यांवर तिने घरातल्या सगळ्यांची तोंडं काढली आणि एकेका ओळीला एकेक माणूस खोचला. आजीच्या ओळीतली मेथी आधी उगवली. 'मम्मी, जो ने, आजीनी ऊगी गई!' असं ओरडली आणि मग स्वतःची उगवली नाही म्हणून रुसून बसली. इथली गुजरातीच तिच्या तोंडात, मराठीत बोल म्हटलं तर ऐकत नाही. रोज सकाळी रोपाला दोरा लावून उंची मोजायची, तेवढा दोरा कापायचा आणि वहीत चिकटवायचा. आठ दोरे झालेत. शेवटचा तिच्या करंगळीपेक्षा मोठा आहे.

आज सकाळी तिने पाणी जरा जास्त घातलं आणि पिंपाच्या भोकांतून गुलाबी पाणी आलं. ती टाळ्या पिटत नाचायला लागली. मी वाकून काठाशी नाक नेलं आणि मला तुमच्या शर्टाचा वास आला. मिलमध्ये दिवसभर रंग कालवून तुम्ही घरी यायचात, अंघोळ केली तरी तो वास जायचा नाही, नखांच्या कडा एक दिवस राणी तर एक दिवस हिरव्या. मग माझं लक्ष शेवटच्या ओळीकडे गेलं. तिथले शेंडे खुडलेले होते. मी लेकीचं मनगट धरून तिला ओढतच नळाखाली नेलं, साबण लावून हात घासत सुटले, आणि माझ्या तोंडून निघालं, 'खाल्लीस का? खरं सांग. खाल्लीस का?' ती नाही म्हणाली. मी परत गेले आणि पिंप आडवं पाडून सगळी माती, मेथी, काड्या, आजी, पप्पा, सगळं एका गोणीत कोंबलं. ती अशी रडली की खालच्या मजल्यावरची बाई वर आली. आणि तिच्या 'नाही'वर माझा विश्वास बसत नाही, कारण मीही तुम्हाला नाहीच म्हटलं होतं.

मी नऊ वर्षांची आहे. डिंडोलीतल्या आपल्या पत्र्याच्या खोलीपुढे मी डबा ठेवला आहे. गल्लीत सगळ्यांकडे मिलचे असले रंगाचे रिकामे डबे आहेत, तुम्हीच तेवढा एकही घरात येऊ देत नाही, म्हणून मी तो शेजारणीकडून मागून आणला आहे. मेथी बोटभर वाढली आहे. आई पाण्याला गेली आहे. तुम्ही पाळी संपवून येता, डबा बघता आणि जागीच थांबता. 'आठे ये,' म्हणून जवळ बोलावता. 'खादी का? खरं सांग. खादी का?' मी खाल्ली होती, दोनदा. कडू होती. मी नाही म्हणते. तुम्ही मेथी मुळासकट उपटता, डबा गटारात पालथा करता आणि माझे हात लाल होईपर्यंत घासता. तुमचे हात कापत असतात. का म्हणून ते काही सांगत नाही. मला तरी आज कुठे सांगता आलं? त्या पिंपात काय होतं मला माहीत नाही, नुसती भीती तेवढी माहीत आहे.

आई हंडा घेऊन आली तेव्हा मी रडत होते. तिने विचारलं काय झालं. मी म्हटलं, आबा पिऊन आले, त्यांचे हात बघ कसे कापतात. तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली होती आणि होळीपासून थेंबाला शिवला नव्हतात, हे मला चांगलं माहीत होतं. मला फक्त माझ्या मेथीचा सूड हवा होता. तुम्ही माझ्याकडे नुसतं बघितलं. आई मला घेऊन अमळनेरला मामाकडे गेली. महिन्याने परत आलो तेव्हा तुम्ही खरोखरच पिऊन बसला होतात, आणि पुढे जग सोडून जाईपर्यंत पीतच राहिलात.

आज मी गोणी बांधत होते तेव्हा आई गच्चीच्या दारात उभी होती. म्हणाली, 'बापवरच गई. तो तरी पीसन करे.' तुम्ही निदान पिऊन करायचात, मी शुद्धीत. नातीने रडणं थांबवून विचारलं, 'पीसन एटले शुं?' मग आईने तिला मांडीवर घेऊन सगळी गोष्ट सांगितली. पंचवीस वर्षांपूर्वी मी जशी सांगितली होती, तशीच्या तशी. मी गोणीची गाठ मारत राहिले.

हा कागद तिच्या दोऱ्यांच्या वहीतला आहे. आई शेजारीच भाजी निवडते आहे. तिला वाचता येत नाही, म्हणून तिच्यासमोर बसून लिहिण्याची माझी हिंमत झाली. लेकीचं चित्र होत आलं आहे. त्यात झाडं उपटणारा एक माणूस आहे आणि त्याच्या एका हातात बाटली आहे. मी विचारलं हे कोण, तर म्हणाली, आबा. मी जीभ बघायच्या निमित्ताने तिला जवळ घेतलं.

आबा, त्या दिवशी माझे हात धुताना तुम्ही माझ्यावर वाकला होतात. तुमचं तोंड माझ्या तोंडाशी होतं. त्याला दारूचा वास नव्हता.