खिडकीकडची खाट

दि. ३, सोमवार
आलो बाई एकदाच्या! मी बोलते, नात लिहिते; मी पडले अक्षरशत्रू. तपासणी केंद्र झकास आहे. पांढरी खोली, दोन खाटा, एक खिडकी. आम्हा दोघींची साखर ना तळ्यात, ना मळ्यात. मधुमेह नाही, पण उंबऱ्याशी येऊन बसलाय. असल्या माणसांचे स्नायू लवकर का दमतात, ते इथे बघतात. स्प्रिंगची मूठ हात गळेपर्यंत दाबायची, मग रक्त द्यायचं. स्नायू झिजला की रक्तात एक एन्झाइम वाढतं, त्याचा आकडा काढतात.

खाटांना नावाची कार्डं होती. मी सरळ खिडकीकडची खाट धरली. नात म्हणाली, आजी, ती माझी. मी म्हटलं, कार्डाला कशाला हवाय उजेड? मला हवाय. हसली आणि दाराकडे गेली गुणाची पोर.

रक्तवाला मान खाली घालून येतो, कार्ड वाचतो, सुई टोचतो, जातो. वर बघितलं असतं, तर माझ्या सुरकुत्या मोजत बसला असता.

दि. ५, बुधवार
आकडे आले. नातीनं वाचून दाखवले. माझा म्हणे चढलाय, मला विश्रांती. तिचा अगदी खाली, तिला मूठ दुप्पट. मी चिडवलं, घोडी आहेस घोडी. खरं सांगायचं तर मी मूठ दाबतच नाही, नुसती धरून बसते. (हे लिहू नको म्हटलं, तरी लिहितेय बघा.)

दि. ८, शनिवार
नातीला पाण्याचा पेला उचलवत नाही, पेन्सिल तेवढी कशीबशी धरवते. लघवी काळ्या चहासारखी झालीय. आज माझ्या टाळक्यात उजेड पडला. खाटेवर मी, कार्ड तिचं. तिची झीज माझ्या नावावर, माझा आळस तिच्या.

सिस्टरला सांगितलं. ती म्हणाली, आकडे कार्डाचे असतात. चूक असेल तर जिचं कार्ड तिनं स्वतःच्या हातानं लिहून खाली नाव घालायचं. अंगठा चालत नाही. घरी जातो म्हटलं. तेही लेखीच हवं म्हणे, खाट बदलायलासुद्धा; आणि अर्ज मंगळवारपासून घेतात.

दि. १०, सोमवार
मूठ आता चौपट. पोरीला दाबवेना, तर हाताला विजेच्या पट्ट्या लावल्या. हात आपोआप मिटतो, उघडतो. ती बघत बसते, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. मी मध्ये आडवी पडले, तर मला हळूच बाजूला सरकवलं. म्हणाले, आजी, तुम्हाला विश्रांती सांगितलीय.

मला रडू येत नाही. काहीच येत नाही.

दि. ११
अर्ज लिहायला बसलो. एक ओळ झाली. पेन्सिल पडली. एवढ्यात तिला न्यायला आले —
मला जेवण आणलं. मी जेवले. (हे ती परत आल्यावर, कसंबसं.)

दि. १२
रोजनिशी राहू दे. अर्ज याच पानावर. पेन्सिल मी धरून ठेवते, तू फक्त वळव. लिही —
खिडकीकडे झोपते ती मी, आजी. दाराकडची माझी नात. कार्डं उलटी आहेत. खाट मी बळकावली, तिची चूक नाही. तिला थांबवा —
झालं. आता खाली नाव. तुझं, पोरी. त्याशिवाय घेत नाहीत. बोलू नको, नुसतं नाव. पहिलं अक्षर तरी —