चाक्रूनाच्या जागी

३ ऑगस्ट
आणि दादाचं हे कसलं कायमचं तुणतुणं, की माझ्या, म्हणे रिस्तेरच्या, पायाला भिंगरी आहे, तो कुठे टिकत नाही? लाकडाच्या गिरणीत बोटं जायची वेळ आली म्हणून सोडली. मासळीच्या बोटीवर पगारच मिळेना म्हणून उतरलो. आता इथे टिकूनच दाखवतो. जागा झकास आहे. नदीकाठी आठ खोप्या, त्यातली एक माझी एकट्याची. काम सोपं. आयावास्काची वेल ठेचायची, चाक्रूनाच्या झुडपाची पानं घालायची, दिवसभर हंड्यात आटवायचं. आजारी माणसं येतात, इथले वैद्य अब्सालोनबाबा गाणं म्हणून त्यांना तो भास दाखवणारा काढा पाजतात. काढा करणाऱ्यानं पाळायचं ते एवढंच: मीठ नाही, डुक्कर नाही, बाई नाही. बाबा म्हणाले, टोणग्या, पहिली दोन जमतील तुला. सगळे हसले. मीही.

९ ऑगस्ट
बाबांनी पान ओळखायला शिकवलं. उलटं करून मधल्या शिरेवर बारीक काटे बघायचे, ती खरी चाक्रूना. त्यांची नजर अधू झालीय, म्हणून निवडायचं काम माझ्याकडे. म्हणाले, गाण्यात मी झाडाला नावानं बोलावतो. हाक एकीला आणि हंड्यात दुसरीच असली, तर ती दुसरी रागानं येते आणि माणसाला परत सोडत नाही. शिजवणाऱ्यानं पहिला घोट घ्यायचा, हाही नियम.

१५ ऑगस्ट
पानांचा व्यापारी आलाच नाही. शहरात जास्त भाव मिळतो म्हणे. मालकीण लिसेनियाबाई अंगावर आली, सात जणांनी पैसे भरलेत, तुझ्या खिशातून परत करतोस का? मग कुंपणाकडे बोट दाखवलं. तिथे तोए आहे, धोत्र्यासारखी उलटी लोंबणारी फुलं. म्हणाली, जुनी माणसंही घालायची. तिनंच टोपलीभर पानं खुडून आणली. बाबांना सांगू नकोस, म्हातारा सोवळं करत बसेल.
घातली. नाही म्हटलं असतं तर नोकरी गेली असती, आणि दादा हसला असता.

१६ ऑगस्ट
बाबांनी चाक्रूनाला किती प्रेमानं हाका मारल्या. ती हंड्यात नव्हतीच. पहिला घोट मी घेतला, घसा वाळून लाकूड झाला. बाकीच्यांनी बरंचसं ओकून टाकलं. सोराइदानं मात्र वाटी पुसून प्यायली. ती बाजारात केळी विकते. नवरा नदीत बुडाल्यापासून तिला झोप नाही.

१८ ऑगस्ट
सहा जण उठले. सोराइदा नाही. बुबुळं पसरून डोळे नुसते काळे. हवेतून दोरा ओढते, नसलेल्या सुईत ओवते. नवऱ्याशी बोलते, मधेच थांबून त्याचं ऐकून घेते. बाबा म्हणतात, हंड्यात कोण होतं ते कळलं तर तिचं गाणं म्हणून हिला सोडवता येईल. लिसेनियाबाईनं माझ्या हातात नोटांची गुंडाळी कोंबली. तोंडात मीठ नाहीच तुझ्या, म्हणाली, आता जीभही नको.

२० ऑगस्ट
राहवलं नाही. बाबा चुलीपाशी बसले होते, सगळं सांगून टाकलं. रागावले नाहीत. मान हलवत ऐकत राहिले. किती हलकं वाटलं.
जेवताना लिसेनियाबाई म्हणाली, बाबा कालच्याच बोटीनं वरच्या गावी गेलेत, दुसऱ्या वैद्याला विचारायला.
मग मी कोणाला—

२१ ऑगस्ट
अजून बसलाय चुलीपाशी. मान हलवतोय. मी तिकडे बघत नाही.

२२ ऑगस्ट
आज दारात आला. पोरा, पान कोणतं होतं? रागावणार नाही, सांग. तीनदा विचारलं. मी ओळखलं, चुलीपाशी बसणारा तो खोटाच हा. ओठ चावून गप्प बसलो. मग तो सोराइदाला बोटीत घेऊन गेला, चाक्रूनाचंच गाणं म्हणत—

२३ ऑगस्ट
पायरीवर चिलीम. लिसेनियाबाईनं उचलली. म्हणाली, काल घाईत बाबा विसरले वाटतं.
काल. म्हणजे खरेच—
तीनदा विचारलं त्यांनी.

२४ ऑगस्ट
बोटवाला सांगत होता. वळणावर सोराइदानं नवऱ्याला ओ दिली, आणि उठून पाण्यात—
बाबांच्या हाती फक्त तिची शाल राहिली.

२६
चुलीपाशी आता दोघं. ती दोरा ओवतेय. मला सुई धर म्हणते—
नोटांची ती गुंडाळी जवळ ठेववत नाही. आईला पाठवतोय. चारशे सोलच्या नोटा—